आठवणींचा शोध घेणारे डॉक्टर

विद्यार्थी मित्रांनो, ब्रह्मपुरीत तुमच्या मोहल्ल्यातही एखादे म्हातारे दादाजान असतील. नुकतेच जेवलेले असतात, तरी जेवण मागतात. मशिदीतून घरी येताना रोजची वाट चुकतात. नातवाचे नाव विसरतात. मोठी माणसे म्हणतात, वय झाले. काही मुले त्यांना वेडे समजून हसतात. पण असे विसरणे हा मेंदूचा आजार असू शकतो. हे जगाला दाखवून देणाऱ्या डॉक्टरांची ही ओळख.

त्यांचे नाव अलॉइस अल्झायमर. १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील मार्क्टब्राइट या लहान गावी त्यांचा जन्म झाला. डॉक्टर झाल्यावर १८८८ साली ते फ्रँकफर्ट शहरातील मनोरुग्णांच्या इस्पितळात काम करू लागले. दिवसा ते रुग्णांशी बोलत आणि उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकापुढे घालवत.

१९०१ साल त्यांच्यासाठी दुःखाचे ठरले. त्यांची पत्नी वारली आणि तीन लहान मुले आईविना राहिली. तरीही त्यांनी काम सोडले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आउगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई इस्पितळात आली. अल्झायमर तिच्याजवळ बसत. तिला पेन्सिल, किल्ली अशा वस्तू दाखवत. ती त्यांची नावे बरोबर सांगे, पण थोड्या वेळाने काय पाहिले तेच विसरून जाई. तिला स्वतःचे नावही नीट लिहिता येईना. तिचे प्रत्येक उत्तर ते वहीत टिपून ठेवत. ही बाई म्हातारी नव्हती. मग तिची स्मृती गेली कशी, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना.

पुढे ते म्युनिक शहरात गेले, पण तिला विसरले नाहीत. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू तपासासाठी मागवून घेतला. त्याचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मेंदू आकसला होता. पेशींच्या मध्ये गोळे साचले होते आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता झाला होता.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे डॉक्टरांच्या सभेत त्यांनी ही माहिती सांगितली. कोणीही एक प्रश्न विचारला नाही! तरीही ते निराश झाले नाहीत. १९१० साली त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. १९ डिसेंबर १९१५ रोजी अल्झायमर यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वयही ५१ वर्षांचेच होते.

मित्रांनो, हा आजार पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. पण ज्या बाईला लोक वेडी समजत, तिच्याजवळ बसून अल्झायमर यांनी तिचे बोलणे मन लावून ऐकले. तेवढे तर तुम्हालाही करता येईल. दादाजान वाट चुकले, तर हसू नका. त्यांचा हात धरा आणि त्यांना घरी पोहोचवा.