थकला देह, थकला नाही स्वर

नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व (१८८८-१९६७). १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ साली सहकाऱ्यांसह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या त्यांच्या स्त्रीभूमिकांनी अवघ्या महाराष्ट्राला वेड लावले. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी वारली. तरीही त्यांनी प्रयोग केला.

पण रूप आणि वैभव कायमचे नसते. शालू, अत्तरे, नेपथ्य यांवरील अफाट खर्चाने मंडळी कर्जात बुडाली. बोलपट आले, नाटकगृहे ओस पडू लागली. १९३५ साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' बोलपटात ते संत एकनाथ झाले. आपल्या मराठवाड्यातील पैठणच्या नाथांची ती भूमिका! त्या वेळी त्यांचे वय सत्तेचाळीस होते. शालू उतरला होता, तरी गळा तोच होता. पुढे ते पुन्हा रंगभूमीवर परतले. उतारवयात पाय अधू झाले, तेव्हा ते बसून भजने गाऊ लागले.

हा स्वर टिकला कशाने? भास्करबुवा बखले यांची तालीम त्यांना लाभली होती. तानेच्या हव्यासापायी त्यांनी शब्दाचा अर्थ कधी हरवू दिला नाही. लय तर त्यांच्या रक्तातच होती.

१९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६७ साली पुण्यात ते निवर्तले. रूप गेले, धन गेले, पायही गेले. साधनेने मिळवलेले मात्र अखेरपर्यंत त्यांच्यापाशी राहिले. आपण विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी धरले तरी पुष्कळ झाले.