देवाला माउली म्हणणारे फुलामुलांचे कवी : रेव्हरंड टिळक

तेल्हारा : शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता ज्यांनी पाठ केली, त्यांना ती जखमी पक्षीण आठवत असेल. जीव जात असतानाही चोचीतला चारा पिलांपर्यंत नेणारी. ही कविता रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. फुलं आणि लेकरं हा त्यांचा जीव की प्राण, म्हणून लोक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणू लागले. पण याच माणसाच्या श्रद्धेपायी त्यांचं स्वतःचं घरटं मोडायची वेळ आली होती.

टिळक मूळचे कोकणातले. पोटापाण्यासाठी गावोगाव फिरत ते नागपूरला आले. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरी हे कळलं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पदरात लहानगा दत्तू. नातेवाइकांनी मायलेकरांना पंढरपूरला नेलं. जवळपास पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. टिळकांना देव सापडला खरा, पण त्याची किंमत त्या माउलीनेही मोजली, हे विसरून चालणार नाही.

तरी दोघांचा जीव एकमेकांत अडकलेला होता. लक्ष्मीबाई शेवटी नगरला आल्या. आधी सोवळं सांभाळून वेगळं राहणं, वेगळं पाणी. हळूहळू जातपात माणसानेच केली हे त्यांना पटलं. १९०० मध्ये राहुरीला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाने.

मग ते घर भरलं. पोरकी लेकरं तिथं वाढली. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात चमकलेला त्र्यंबक ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, याच घरात लेकरासारखा राहिला. टिळक तापट, हाती पैसा टिकायचा नाही. पण मुलांत बसले की मूलच व्हायचे. लेकरासारखं झाल्याशिवाय देवाच्या राज्यात जाता येत नाही, ही येशूची शिकवण त्यांनी अंगी बाणवली होती.

धर्म बदलला तरी अभंग सुटला नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. शेगावची वारी करणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला देवाला माउली म्हणणं काही नवं नाही. टिळकांनी ख्रिस्तालाही तसंच आई म्हणून आळवलं.

९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. शिवाय ‘स्मृतिचित्रे’ लिहून भांडणं, रुसवे, हसणं, सगळा संसारच मांडून ठेवला.