टी-टेस्ट म्हणजे काय? पां. वा. सुखात्मे यांच्या कामातून समजून घेऊ

आपल्या जळगाव-धुळ्यात पीक विम्याचा विषय निघाला की 'पीक कापणी प्रयोग' हा शब्द येतोच. मंडळातल्या मोजक्या शेतांत ठरावीक मापाच्या तुकड्यातला कापूस वेचून वजन करतात आणि त्यावरून सगळ्या मंडळाची सरासरी काढतात. एवढ्याशा शेतांवर भरवसा कसा ठेवायचा? मला याचं उत्तर पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या कामात सापडलं.

सुखात्मे यांचा जन्म 1911 चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्यात फर्ग्युसन कॉलेज करून ते लंडनला गेले आणि 1936 मध्ये पीएचडी झाले. तिथे नेमन आणि ईगन पिअर्सन हे त्यांचे गुरू. आज आपण जी हायपोथिसिस टेस्ट शिकतो, तिचा पाया घालणाऱ्यांत हे दोघे होते.

1940 पासून सुखात्मे दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत होते. शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, म्हणजे रँडम निवडायची, ही पद्धत त्यांनी देशभर रुजवली. कापणीचा तुकडा फार छोटा घेतला तर सरासरी फुगते, हेही त्यांनी दाखवून दिलं. कारण साधं आहे: हद्दीवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की माणूस ते आतच धरतो. तुकडा जितका लहान, तितका हा फरक मोठा.

आता टेस्ट करून बघू. समजा, मंडळाची नेहमीची सरासरी एकरी 6 क्विंटल आहे. यंदा ती घटली का, एवढंच तपासायचंय.

1. आधी धरून चाला की सरासरी 6 च आहे. ही झाली नल हायपोथिसिस.
2. रँडम 16 शेतं घ्या. समजा सरासरी आली 5.2 आणि प्रमाण विचलन 1.6.
3. 1.6 ला 16 च्या वर्गमुळाने, म्हणजे 4 ने भागा: 0.4.
4. 5.2 वजा 6 म्हणजे उणे 0.8. त्याला 0.4 ने भागा. टी आला उणे 2.
5. 5 टक्के पातळीवर, 15 स्वातंत्र्य मात्रांसाठी तक्त्यातली सीमा उणे 1.753. आपला टी त्याच्याही खाली आहे, म्हणून नल फेटाळायची. घट नुसती योगायोगाची वाटत नाही.

फोनवरचं कॅल्क्युलेटर हे चुटकीसरशी करेल. पण रस्त्याकडेचीच शेतं निवडली होती का, हे त्याला कळणार नाही. आकडेमोड बरोबर आणि निकाल चुकीचा, असंही होतं. आणि तो निकाल शेतकऱ्याच्या खिशाला लागतो.

सुखात्मे 1951 पासून रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत होते. जगात भुकेले किती, हे मोजताना त्यांचं म्हणणं असायचं की सरासरी गरज ही प्रत्येकाची गरज नसते. 1971 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, 1997 मध्ये ते गेले.

म्हणून मी सरासरीचा कुठलाही आकडा पाहिला की आधी एकच विचारतो: सॅम्पल कसं घेतलं? तुम्हीही विचारा.