डोशाची कृती लिहिणारा राजा शिकारीचं मांस कसं शिजवायचा? गोष्ट तिसऱ्या सोमेश्वराची

इडली-डोशाचा इतिहास सांगणारी पोस्ट तुमच्याही वॉलवर कधीतरी आली असेल. तिच्यात एका राजाचं नाव हमखास असतं, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याने जवळपास नऊशे वर्षांपूर्वी ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यात इडरिका, दोसका, मांडे अशा पदार्थांच्या कृती दिल्या. पोस्ट सहसा इथेच संपते. पण त्याच ग्रंथाच्या त्याच प्रकरणात डुक्कर, कासव, खेकडे आणि चक्क शेतातले उंदीर कसे शिजवायचे हेही तितक्याच बारकाईने लिहिलेलं आहे. तो भाग कुणी शेअर करत नाही.

कोण होता हा राजा?

आधी एक गोंधळ दूर करू. हे कल्याण म्हणजे मुंबईजवळचं स्टेशन नव्हे. चालुक्यांची कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. इथून चालणाऱ्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचाही बराच भाग होता. सोमेश्वराचा बाप सहावा विक्रमादित्य पन्नास वर्षं गादीवर होता. काश्मीरहून आलेल्या बिल्हण कवीने त्याच्यावर काव्य लिहिलं, एवढा त्याचा दबदबा. अशा माणसानंतर ११२६ च्या सुमारास सोमेश्वर गादीवर आला. पदव्या मोठ्या होत्या, भूलोकमल्ल आणि सर्वज्ञ. त्यातली दुसरी त्याला जास्त शोभली. दक्षिणेत होयसळ राजा विष्णुवर्धन मांडलिकपण झुगारायच्या तयारीत होता आणि इकडे सम्राट ग्रंथ लिहीत होता.

ग्रंथही साधासुधा नाही. पाच भाग, प्रत्येकात वीस प्रकरणं. राज्य कसं मिळवावं, कसं टिकवावं, आणि मग उपभोग कसा घ्यावा. घर, स्नान, विडा, कपडे, हत्ती-घोडे, कुस्ती, कोंबड्यांच्या झुंजी, गाणं, नाच, सगळं त्यात आहे. ग्रंथात शके १०५१ चा उल्लेख असल्याने तो ११२९-३० च्या आसपासचा मानतात. एवढा पसारा एकट्या राजाने लिहिला असेल असं वाटत नाही. दरबारातल्या पंडितांचा हात असणारच. पण आवड मात्र त्याचीच दिसते.

शिकार आणि स्वयंपाक

शिकारीवर त्यात वेगळी प्रकरणं आहेत. मृगया आहे, शिकारी कुत्रे आहेत, ससाणे आहेत, मासेमारीही आहे. मारून आणलेलं पुढे मुदपाकखान्यात गेल्यावर काय होतं, ते ‘अन्नभोग’ या प्रकरणात येतं.

रानातलं जनावर घरी शिजवणाऱ्याची पहिली अडचण मसाला नसते, केस आणि वास असते. सोमेश्वराची सुरुवातही तिथूनच होते. डुकराचे केस काढायच्या त्याने दोन रीती दिल्यात. एक, अंगावर पांढरं कापड टाकून वरून उकळतं पाणी ओतत राहायचं, केस बोटांनी सहज निघेपर्यंत. दुसरी, अंगाला माती लिंपून गवताच्या जाळावर धरायचं. मग धुऊन, भाजून तुकडे करायचे. काही पदार्थांसाठी ताडपत्रासारख्या पातळ पट्ट्या काढून दह्यात घालायच्या. वासासाठी हिंगाचं पाणी तर जागोजागी आहे.

मिरची, टोमॅटो, बटाटा यांचा पत्ताच नाही. ते पोर्तुगीजांच्या काळात आले. तिखटपणा मिरी, आलं आणि मोहरीचा. आंबटपणा चिंच, आवळा, दही यांचा.

‘भडित्रक’ म्हणजे मांसाच्या तुकड्यांना भोकं पाडून त्यात मसाला भरायचा आणि सळईवर निखाऱ्यांवर भाजायचे. आजच्या कबाबाचा जुना भाऊबंदच म्हणा. ‘कवचंडी’त बोराएवढे तुकडे भाज्या आणि मसाल्यांसोबत शिजतात. ‘मंडलीय’ म्हणजे स्वच्छ केलेल्या आतड्यात मसाल्याचं सारण भरून निखाऱ्यावर भाजलेला प्रकार. ‘कृष्णपाक’ जनावराच्या रक्तात शिजतो, म्हणून काळा. यकृत, आतडी, रक्त, काहीच फेकलं जात नाही. खाटीक आणि आचारी यांच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

आणि उंदीर? तोही घरातला नव्हे. नदीकाठच्या शेतात धान्यावर पोसलेला काळा उंदीर. शेपटीला धरून गरम तेलात सोडायचा, केस निघाले की गरम पाण्याने धुऊन साफ करायचा आणि आवळा-मीठ घालून शिजवायचा. कासवाचं मांस भाजून तळलं की केळ्यासारखं लागतं, अशी नोंदही आहे.

‘प्राचीन काळी सगळे शाकाहारी होते’ आणि ‘सगळे मांसच खायचे’ असं भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना हा राजा अडचणीचा आहे. त्याच्या ताटात मुगाचं वरण, भात, तूप आणि रानडुक्कर एकाच जेवणात येऊ शकत होतं. अर्थात हे राजाचं ताट. सामान्य माणूस काय जेवत होता, ते यावरून ठरवता येत नाही.

आज करून बघता येईल का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात हरीण, सांबर, कासव यांची शिकार आणि मांस बाळगणं गुन्हा आहे. तुरुंगवास होतो. भडित्रक करायचंच असेल तर बाजारातलं बोकडाचं मटण आणा, कृती तीच चालते.

पुढे काय झालं?

सोमेश्वर ११३८ मध्ये वारला. बापाचं चरित्र ‘विक्रमांकाभ्युदय’ त्याने लिहायला घेतलं होतं, ते अपुरंच मिळालं आहे. नंतर वीसेक वर्षांतच कलचुरी बिज्जलाने कल्याणी घेतली आणि शतक संपता संपता चालुक्यांचं राज्य मिटलं. मानसोल्लास मात्र हस्तलिखितांत टिकून राहिला. श्रीगोंदेकरांनी संपादित केलेली त्याची छापील आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तीन खंडांत निघाली, १९२५, १९३९ आणि १९६१ साली. डुक्कर आणि डोसा दोन्ही त्यातल्या दुसऱ्या खंडात आहेत.