कुरणातली प्रयोगशाळा

मृग लागला की तुमसरकडच्या घराघरांत धानाच्या बियाण्याची तयारी सुरू होते. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे सोडायचे, ढवळायचे आणि जरा थांबायचे. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले दाणे तळाशी बसतात. वरचे काढून टाकायचे, तळचे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे आणि मग पऱ्हे टाकायचे. घरातले सहा-सात वर्षांचे पोर बादलीच्या काठाला हनुवटी टेकवून हे सगळे पाहत असते. मध्येच हात घालते, आईचे बोलणे खाते, पुन्हा पाहू लागते.

पुढे शाळा उघडते. वर्गात कधीतरी पाठ येतो, कोणत्या वस्तू पाण्यात बुडतात आणि कोणत्या तरंगतात. खिळा बुडतो, लाकूड तरंगते, पान तरंगते. पोर ते पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि गुणही मिळवते. पण घरच्या बादलीत जे पाहिले ते आणि शाळेत जे पाठ केले ते एकच आहे, हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही. त्याच्या लेखी एक घरचे काम असते आणि दुसरा अभ्यास.

ही दोन टोके जोडण्यासाठी एका मराठी बाईने आपले जवळजवळ सगळे आयुष्य वेचले. त्यांचे नाव ताराबाई मोडक. बालवाडीच्या प्रणेत्या म्हणून आपण त्यांना ओळखतो, पद्मभूषण म्हणूनही ओळखतो. पण त्यांचे काम जरा जवळून पाहिले तर लक्षात येते की, अगदी लहान मुलांच्या हाती विज्ञान कसे द्यावे या प्रश्नाचे उत्तरही त्यात आहे. आणि या कहाणीचा एक धागा आपल्या विदर्भातूनही जातो.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थना समाजाच्या वळणाचे, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. मुलीने चार बुके शिकणे हीच जेव्हा गावभर बातमी होई, त्या काळात, 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि मुंबईची ही मुलगी वऱ्हाडात आली. पण हा संसार टिकला नाही. 1921 साली पती-पत्नी कायमचे वेगळे झाले. पदरी लहान मुलगी होती. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईकडे त्या काळचा समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना आजच्या वाचकालाही करता येईल.

ताराबाईंनी राजकोटची वाट धरली. तेथे शिक्षिका घडवणाऱ्या स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. नोकरी मानाची होती, पोटापाण्याची चिंता मिटली होती. एखादी सामान्य व्यक्ती तेथेच स्थिरावली असती. पण राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगरला तेव्हा एक वेगळाच प्रयोग चालू होता. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून लहान मुलांत रमले होते. 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले होते. छडी नाही, घोकंपट्टी नाही, मुले आपापल्या हातांनी काहीतरी करत बसलेली. 1923 च्या सुमारास ताराबाई राजकोटची नोकरी सोडून तेथे गेल्या. 1926 साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मराठीतून शिक्षणपत्रिका चालवून ताराबाईंनी हा विचार आपल्या आयाबायांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत पोहोचवला.

भावनगरच्या प्रयोगामागे प्रेरणा होती ती इटलीच्या मारिया माँटेसोरी यांची. या बाई मूळच्या डॉक्टर. 1907 साली रोममधल्या एका गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह काढले. मुलांकडे त्यांनी डॉक्टरच्या नजरेने पाहिले. त्यांना दिसले ते असे की, लहान मूल आधी ज्ञानेंद्रियांनी शिकते. डोळा, कान, नाक, त्वचा आणि हात ही त्याची पहिली पुस्तके. म्हणून त्यांनी साधने तयार केली. कमी-जास्त जाडीचे दट्ट्ये आपापल्या खाचेत बसवायचे, रंगांच्या पट्ट्या फिक्यापासून गडदपर्यंत लावायच्या, सारख्या आकाराच्या पण वेगवेगळ्या वजनाच्या फळ्या हातात तोलून ओळखायच्या, डब्या हलवून सारख्या आवाजाची जोडी शोधायची.

वरवर हा खेळ वाटतो. पण जरा विचार करा. नीट पाहणे, सारखे आणि वेगळे ओळखणे, गट पाडणे, क्रम लावणे, चुकले तर आपले आपणच दुरुस्त करणे. जाड दट्ट्या बारीक खाचेत जात नाही. तेव्हा शिक्षिकेने चूक काढण्याची गरजच उरत नाही, वस्तूच ती दाखवते. मोठ्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ याहून निराळे काय करतो? विज्ञानाची पहिली पायरी ती हीच. न्यूटनचे नियम नंतर येतात, आधी येते ती पाहण्याची आणि पडताळण्याची सवय. ती सवय तीन ते आठ या वयात लागली तर लागली. पुढे पाठांतराचा गंज चढला की ती लावणे फार कठीण होऊन बसते.

1936 साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. काम नावारूपाला आले, शिक्षिका तयार होऊ लागल्या. तरीही एक सल होताच. माँटेसोरीची साधने महाग. सुताराकडून मापात करून घ्यायची, परदेशी नमुन्याबरहुकूम रंगवायची. ज्यांच्या घरी दोन वेळचे पोटभर मिळते त्यांचीच मुले तेथे येणार. 1931 साली गांधीजी लंडनमध्ये माँटेसोरींना भेटले होते, तेव्हा त्यांनीही हीच काळजी बोलून दाखवली होती. श्रीमंताच्या मुलाला मिळणारे हे शिक्षण कंगालाच्या मुलालाही मिळावे, ही त्यांची तळमळ होती. 1937 साली आपल्या वर्ध्याला नई तालीमची परिषद भरली, तिच्या मुळाशीही हाच प्रश्न होता.

ताराबाईंनी या प्रश्नाला भाषणाने उत्तर दिले नाही. वयाची 53 वर्षे पूर्ण झाल्यावर, 1945 साली, त्या शहर सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या. बरोबर होत्या त्यांच्या शिष्या अनुताई वाघ. बोर्डी त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते, 2014 पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे कोणी त्यांची वाट पाहत नव्हते. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या वाडीत, त्यांच्या अंगणात गेली. पहिला धडा असे तो हातपाय धुण्याचा, आंघोळीचा आणि केस विंचरण्याचा. एका परीने तोही विज्ञानाचाच धडा होता. खरूज का होते, डोळे का येतात, स्वच्छ पाण्याने काय फरक पडतो, हे पोर स्वतःच्या अंगावर शिकत होते.

आणि साधने? ती गावातच पडलेली होती. शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती. दट्ट्यांऐवजी शिंपल्यांचा लहान-मोठा क्रम लागला, रंगपट्ट्यांऐवजी पानांच्या हिरव्या छटा आल्या, मोजायला बिया आल्या. खर्च जवळजवळ शून्य. पण यात नुसती काटकसर नव्हती. सुताराने केलेला दट्ट्या फक्त जाडी शिकवतो. चिंचोका मोजणेही शिकवतो आणि मातीत टाकला तर रुजूनही दाखवतो. महागड्या साधनाला जे जमत नव्हते ते रस्त्यावरच्या वस्तूने साधले. विज्ञान पेटीतून बाहेर निघून अंगणात आले.

1957 साली हे काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारली आदिवासींचे पाडे. तेथे नवी अडचण उभी राहिली. पाच-सहा वर्षांचे पोर धाकट्या भावंडाला सांभाळी आणि त्याहून थोडे मोठे झाले की गुरांमागे जाई. ते शाळेत आले तर घरचे काम कोण करणार? आईबापांना दोष देणे सोपे होते. ताराबाई आणि अनुताई यांनी तो दिला नाही. धाकट्या भावंडासाठी पाळणाघर, त्याच्याजवळ बालवाडी आणि तिला लागून प्राथमिक शाळा अशी विकासवाडीची रचना त्यांनी केली. ताईला बाळाला सोडून येता येत नव्हते, आता बाळासकट येता येऊ लागले. आणि गुराख्यांसाठी निघाली कुरणशाळा. गुरे जिथे चरत तिथेच शिक्षकाने जायचे, झाडाखाली मुलांना जमवायचे आणि हाताशी येईल त्यातून शिकवायचे.

या कुरणशाळेचा विचार करताना एक गोष्ट मनात येते. गुराख्याचे पोर अडाणी असते, हे आपण किती सहज धरून चालतो! कोणता पाला गुरे खातात आणि कोणता टाळतात, मुंग्या अंडी घेऊन वर चढू लागल्या की काय समजायचे, दुपार कलली हे सावलीवरून कसे ओळखायचे, कोणत्या झाडाला कधी बहर येतो, हे त्याला ठाऊक असते. शहरातल्या मुलाला जे चित्रात दाखवावे लागते ते त्याने हाताळलेले असते. मात्र शाळेत पाऊल टाकताच हे सगळे शून्य ठरते, कारण ते पुस्तकात नाही. मग त्याला पहिली गोष्ट शिकायला मिळते ती हीच की, आपल्याला काही येत नाही. कोसबाडच्या कामाचे मोल मला येथे वाटते. त्या मुलांजवळ जे होते त्यालाच ज्ञान मानून तेथे सुरुवात झाली. सावली लहान-मोठी का होते, हा प्रश्न गुराख्याच्या रोजच्या अनुभवातूनच निघतो. त्याला फक्त काठी रोवून मोजायला शिकवावे लागते.

हे काम सोपे नव्हते. पेरणी-कापणीच्या दिवसांत मुले गळत. पावसाळ्यात कुरणात बसणे कठीण होई. अशा कामाला तयार होणारे शिक्षक मिळणे त्याहून कठीण. पुस्तक हाती घेऊन वाचून दाखवणे सोपे असते, पण पोराने आणलेला किडा पाहून त्याच्या चार प्रश्नांना सामोरे जायचे तर शिक्षकाला आपले अज्ञान कबूल करण्याचे धैर्य लागते. 1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. 1973 साली त्या गेल्या. अनुताईंनी पुढे 1992 पर्यंत, आपल्या अखेरपर्यंत, हा वसा सांभाळला.

ताराबाई गेल्या त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्यातल्या अंगणवाडीची कल्पना बोर्डीच्या अंगणाशी नाते सांगते. पहिल्या 33 प्रकल्पांत महाराष्ट्रातली दोन ठिकाणे होती, मुंबईची धारावी आणि मेळघाटातली धारणी. धारणी म्हणजे अमरावती जिल्हा. ज्या अमरावतीहून ही बाई 1921 साली मोडलेला संसार मागे टाकून निघाली, त्याच जिल्ह्यात तिच्या कामाची सावली अशी परत आली.

आज तुमसर तालुक्यातल्या गावागावांत अंगणवाडी आहे, जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली-दुसरीला विज्ञानाचे वेगळे पुस्तक नाही. तिसरीपासून परिसर अभ्यास हा विषय कैक वर्षे शिकवला गेला. नावातच परिसर आहे. आणि आपला परिसर तरी किती श्रीमंत! डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. त्याचा काळा दगड आणि तेवढाच दुसरा साधा दगड पोराच्या दोन हातांत द्या, कोणता जड हे ते डोळे मिटून सांगेल. तो दगड बोटांना काळे करतो. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जी काळी पूड असते तिच्यात हेच मँगनीज असते, एवढे सांगितले की बघा त्याचे डोळे कसे विस्फारतात. जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाची अळी वाढते. अंडे, अळी, कोश, पाखरू हा सारा प्रवास पुस्तकातल्या चित्राऐवजी झाडावर पाहता येतो. गावच्या बोडीत पाणी आषाढात किती, माघात किती, हे एक काठी रोवून खुणा केल्या तर दुसरीचे मूलही वर्षभर मोजू शकेल. यातल्या कशालाही निधी लागत नाही की मंजुरी लागत नाही.

हे काम एकट्या गुरुजींवर किंवा अंगणवाडीताईंवर ढकलून मोकळे होणेही बरोबर नाही. त्यांच्यामागे नोंदवह्या आहेत, सर्वेक्षणे आहेत. घरच्या बादलीशी बसलेल्या पोराशी दोन शब्द बोलायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. यंदा बियाणे मिठाच्या पाण्यात सोडण्याआधी ते साध्या पाण्यात सोडून पाहा. किती दाणे वर येतील, हे आधी पोराला विचारा. मग मीठ घाला आणि पुन्हा विचारा. मीठ घातल्यावर आणखी दाणे वर आले तर ते का आले, हे लगेच सांगू नका. रोवणी होईपर्यंत त्याला विचार करू द्या. एखाद्या दिवशी बांधीच्या धुऱ्यावर ते स्वतःच काहीतरी बोलेल. चुकीचे बोलले तरी हरकत नाही, पुढच्या मृगाला बादली पुन्हा भरायचीच आहे.