शेख बू अली सीना : औषध आणि मात्रा

विद्यार्थी मित्रहो, वैद्यकाच्या परीक्षेसाठी औषधांचे कार्य आणि दुष्परिणाम पाठ करून तुम्ही कंटाळला असाल, तर शेख बू अली इब्न सीना यांचे चरित्र वाचा.

इ. स. ९८० मध्ये बुखाऱ्याजवळील अफशाना गावी ते जन्मले. दहाव्या वर्षी कुराण शरीफ मुखोद्गत झाले, सोळाव्या वर्षी ते रोगी तपासू लागले. बुखाऱ्याचे अमीर नूह बिन मन्सूर यांच्या उपचारात भाग घेतल्यावर त्यांनी राजग्रंथालयात वाचनाची परवानगी मागितली. (पालकांनी हे मुलांना अवश्य सांगावे.) पुढे वडील गेले, राज्य बुडाले; कधी वजिरी तर कधी तुरुंग, असे आयुष्य गेले.

याच धावपळीत त्यांनी ‘अल्-कानून फित्तिब’ हा पाच भागांचा ग्रंथ सिद्ध केला. युरोपातील विद्यापीठांत तो सतराव्या शतकापर्यंत शिकवला जाई. त्याच्या दुसऱ्या भागात सुमारे ८०० औषधी द्रव्ये आहेत. परंतु आमच्या मते खरे मोल औषध-परीक्षेच्या नियमांचे आहे. औषध शुद्ध असावे, रोग एकच असावा, गुण किती वेळाने आला ते पाहावे, तोच गुण पुन्हा पुन्हा यावा, आणि अखेरची परीक्षा माणसावरच व्हावी. कारण घोड्यावर किंवा सिंहावर जे घडते, ते माणसावर घडेलच असे नाही.

आता त्यांचा अंत पाहा. लष्करासोबत असताना त्यांना पोटशूळ जडला. सैन्य हटले तर आपण मागे राहू, या धास्तीने त्यांनी एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली व आतड्यास जखमा झाल्या. वात सरण्यासाठी त्यांनी बस्तीत दोन दानक अजमोद घालण्यास सांगितले. उपचार करणाऱ्या वैद्याने पाच दिरहम घातला. सहा दानकांचा एक दिरहम, म्हणजे मात्रा पंधरापट झाली! जखमा चिघळल्या. चोरी उघड होईल या भीतीने एका नोकराने त्यांच्या औषधात भरमसाट अफूही मिसळली. अफूतील मॉर्फिन मेंदूतील व आतड्यातील ग्राहींना चिकटून वेदना शमवते, हे आज आपण जाणतो. पण तेच आतड्याची हालचाल आणि श्वास मंद करते.

ते त्यातून उठले, पण दुखणे उलटत राहिले. हमदानला पोहोचल्यावर त्यांनी उपचार सोडून दिले. ४२८ हिजरीच्या रमजानमध्ये, म्हणजे इ. स. १०३७ मध्ये, तेथेच त्यांचे निधन झाले.