पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यानंतरची वाटचाल

पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) धर्मांतराविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले, तेवढे त्यांच्या श्रद्धेच्या विकासाविषयी लिहिले गेले नाही. समर्थक काय किंवा टीकाकार काय, दोघांनीही १८८३ मधील बाप्तिस्मा हाच त्यांच्या आध्यात्मिक जीवनाचा निर्णायक क्षण मानला. वस्तुतः तो वाटेवरचा एक मुक्काम होता.

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविल्याबद्दल लोकनिंदा सोसली. तीर्थाटन व पुराणकथन यांवर चाललेले हे कुटुंब दुष्काळात अन्नाला मोताद झाले. व्रते झाली, दानधर्म झाला. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई व थोरली बहीण. बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी हिंडत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे त्यांना ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. परंतु जुन्या श्रद्धेची मुळे उपासमारीतच सैल झाली होती. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. पदरी तान्ही मनोरमा होती.

इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला, तोही सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांच्या आत्महत्येच्या छायेत. रमाबाईंनी आपली बुद्धी चर्चच्या स्वाधीन मात्र केली नाही. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व अशा प्रश्नांवर मठातील भगिनींशी त्यांचा वाद चालूच राहिला. आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला, ख्रिस्त अद्याप गवसलेला नाही, ही जाणीव त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाली. तोवर मुंबईत १८८९ मध्ये स्थापिलेले शारदासदन पुण्यास आले होते. १८९३ मध्ये धर्मप्रसाराच्या आरोपावरून रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी अंग काढून घेतले. त्यांची अडचण खोटी नव्हती; रमाबाईंची श्रद्धा आता लपण्याजोगी राहिली नव्हती.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पूर्वीची स्वतःची उपासमार त्यांना येथे पुन्हा भेटली. ज्या अनुभवाने पहिली श्रद्धा मोडली, तोच आता दुसरीचे कार्यक्षेत्र ठरला. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यांचे अखेरचे काम अधिक महत्त्वाचे वाटावे. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा सामान्य स्त्रियांना कळत नाही, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबलचे सोपे भाषांतर केले. संस्कृतची पंडिता आपल्याच पांडित्याचे शब्द वेचून दूर करीत होती. याहून कठोर आत्मसंयम लेखकाला क्वचितच करावा लागतो. खिळे जुळविणाऱ्या स्त्रिया आश्रमातल्याच होत्या. बाईंना ऐकू येईनासे झाले होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.